सात नंबरची नळी

सोमवार, ४

पोरी, वही हातात देऊन तू म्हणाली होतीस, रोज चार ओळी लिहा, बाबा. त्याला आठवडा झाला नि मी ती आज उघडतोय. रागावू नकोस. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुला ठाऊकच आहे.

इस्पितळातली नोकरी झकास आहे. वॉर्डातून रक्ताच्या नळ्या ट्रेमध्ये घ्यायच्या, जिना उतरायचा, खाली लॅबमध्ये द्यायच्या. सिस्टर मला पोस्टमनकाका म्हणतात. लॅबवाल्या मॅडमनी समजावलं, की या साथीत ताप-खोकला सगळ्यांचा सारखाच दिसतो, पण कुणाचं दुखणं छातीत उतरणार हे रक्त दोन दिवस आधी सांगतं. रक्तासारखं चुगलखोर कुणी नाही, म्हणाल्या. तपासणीचा आकडा वीसच्या आत आला तर माणूस घरी. वर गेला तर खाट सोडायची नाही.

गुरुवार, ७

सात नंबरच्या खाटेवर एक मास्तरीणबाई आहेत. तुझ्या घरामागच्या दुसऱ्या गल्लीत राहतात, हिरव्या दाराच्या घरात. तीनदा खोकतात, मग हुंदका दिल्यासारखा श्वास घेतात. मी लेबलावर बोट ठेवून नाव वाचतो हे त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, बोट काढा हो, अक्षरं काय पळून जातात? सहा नंबरचा जाडा बेकरीवाला खदाखदा हसला. मीही हसलो. मग उगीच फुशारकी मारली, की वाचायला अडखळत असेन, पण आयुष्यात माझ्या हातून कपसुद्धा फुटलेला नाही.

शनिवार, ९

फुटली. जिन्याच्या वळणावर. बाईंचीच नळी.

लिहायलाही लाज वाटते. फुटली तर सांगा, पुन्हा रक्त घेऊ, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कुणी खाल्लं नसतं मला. पण बाईंची शीर सापडत नव्हती, चारदा टोचलं होतं. आणि तेवढी फुशारकी मारून त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने जायचं? कपाटातून रिकामी नळी घेतली. बेकरीवाल्याच्या नळीतलं अर्धं रक्त तिच्यात ओतलं. बाईंचं नाव लिहिलं, चिकटवलं.

बेकरीवाल्याचा आकडा आठ. बाईंचा आठ. दुपारी दोघं घरी गेले. जाताना बाईंनी मला हात केला.

रविवार, १०

मशीनमधून सात नंबरचा कागद आला. खाट तर रिकामी आहे. आकडा चाळीस. मशीन डोक्यावर पडलंय, असं म्हणत मॅडमनी कागद चुरगाळून टाकला.

मी रिकामा ट्रे उचलला नि जिना चढलो.

सोमवार, ११

पंच्याण्णव.

वळणावरचा डाग तीनदा पुसला. अजून ओला आहे.

मंगळवार, १२

दोनशे दहा. मॅडम वैतागल्या, रिकाम्या खाटेची नळी आणतंय तरी कोण? मी नुसती मान हलवली. नळी माझ्याच ट्रेमध्ये होती. मी ठेवली नव्हती. हाताला कोमट. वर माझे कोंबडीचे पाय.

तुला फोन लावला. तू विचारलंस, बाबा, जेवलात का? हो म्हणालो नि ठेवून दिला. तुझ्या आवाजापुढे ते सांगणं— नाही जमलं.

बुधवार, १३

खोकला. तीनदा. मग तो श्वास— बाईंचा— माझ्या छातीतून.

माझं रक्त घेतलं. आकडा आठ. मॅडम हसल्या, काका, घोड्यासारखे ठणठणीत आहात. जिना चढवत नाही. पण कागदापुढे माझं कोण ऐकणार? बाईंचंही घरी असंच—

गुरुवार, १४

आज सातचा कागद आला नाही.

सकाळपासून मशीनपाशी बसलोय. नाही आला.

वही रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. हिरवं दार. असतील तशा उचलून आण. कागद दाखवतील, आठचा. ऐकू नकोस. तो खोटा आहे. खोटा मी—

ट्रेमध्ये नवी नळी. लेबलावर माझं नाव. मोत्यासारखं अक्षर, फळ्यावर असतं तसं. बोट न ठेवता वाचलं.

पोरी, लवकर निरोप धाड— बाई अजून—