दहा मालिशींत मनःशांती

१२ जानेवारी, गुरुवार. सकाळ.

आज जाग आली ती त्या आवाजाने. आवाज साठ वर्षांपूर्वीचा. हमामच्या घुमटाखाली ओल्या पाठीवर पडलेली सपाट तळव्याची थाप, फट्! आणि मागोमाग घुमटाने स्वतःशीच म्हटलेलं, फट्... त्या थापेचा अर्थ एकच: कूस बदल. मी आणि सत्तोर, सहावीतली दोन पोरं, तापल्या दगडावर बेडकांसारखी शेजारी शेजारी. थाप कुणाच्याही पाठीवर पडो, उलटायचो दोघंही.

सत्तोरचं नाव या वहीत आलं ते शेवटचं. पुन्हा येणार नाही.

वही नवी आहे. कारण असं, की झोप लागत नाही, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं. डॉक्टरीणबाईंनी मालिशीच्या दहा बैठका लिहून दिल्या. म्हणाल्या, अंगाला हात लागला की मनाचा ताण उतरतो, झोप येते, उदासी हटते. आणि मग अचानक, "मास्तर, तुम्हाला शेवटचं जवळ कुणी घेतलं होतं?" मी म्हटलं, बीपी मोजा.

उदासी मला नाही. अडतीस वर्षं बुखाऱ्याच्या पोरांना कविता शिकवलेला माणूस उदास असत नाही, भावुक असतो. तरी शिस्त म्हणून दर बैठकीनंतर मनःशांतीला दहापैकी गुण देणार. परीक्षक मी. विद्यार्थीही मीच. वशिला चालणार नाही.

१३ जानेवारी, शुक्रवार.

पुढे कधी ही वही वाचताना घोटाळा नको म्हणून प्रसंग एकदाच नोंदवतो. त्याच्या (नाव नाही) नातवाच्या लग्नाचा पहाटेचा पुलाव होता. मला दोन शब्द बोला म्हणाले. मी आमच्या सहावीच्या पुस्तकातली बुलबुलाची कविता म्हणायला घेतली. दोन-चार ओळी झाल्या असतील. ऐन रंगात असताना त्याने भर मांडवात हाक मारली, "मास्तर, भात थांबलाय!"

दोनशे माणसं हसली. कवितेला हसली. मी उठून आलो.

मी त्याच्याहून अकरा दिवसांनी मोठा. धाकट्याने यायचं असतं. येईल. आठवडाभरात येईल.

१७ जानेवारी, मंगळवार.

पहिली बैठक. आमचा वार गुरुवार होता, चाळीस वर्षं. मी मुद्दाम मंगळवार धरला, म्हणजे त्याला गुरुवारी शेजारचा दगड रिकामा दिसेल आणि कळेल.

हमामचा मालिशवाला उस्ता झियो. त्याचे हात म्हणजे हात नव्हेत, दोन अस्वलं. बापही त्याचा याच दगडावर मालिश करायचा, ती थाप त्याचीच. झियो बोलतो कमी. खांद्याशी येऊन थांबला. म्हणाला, खांदा सोडा मास्तर. म्हटलं, सोडलाय. "हा सोडलेला? मग धरलेला कसा असतो तुमचा?"

डाव्या खांद्याखाली गाठ आहे म्हणाला, लहान कांद्याएवढी. मी म्हटलं, फळ्यावर लिहून लिहून झाली असेल. तो म्हणाला, तुम्ही डावखुरे आहात का? मी विषय बदलला.

शेवटी आलं आणि मध चोळलं. आल्याने डोळ्यांना धार लागली. कडक आलं. घरी येऊन दोन तास मेल्यासारखा झोपलो.

मनःशांती: दहापैकी ९. एक गुण पुढच्या प्रगतीसाठी राखून.

१९ जानेवारी, गुरुवार. दुपार.

आला नाही.

त्याला आज पाठ स्वतःच घासावी लागली असणार. आपल्या हमाममध्ये माणूस सगळं अंग आपलं आपण घासतो, पण पाठीला दुसरा लागतो. कीसा, म्हणजे तो खरबरीत हातमोजा, हाताला चढवायचा आणि एकमेकांची घासायची. आमचं भांडण फक्त आधी कोण पालथा पडणार यावरून. माझी बायको सोजिदा गेली तेव्हा चाळिसावा दिवस उलटल्यावर तोच मला ओढत घेऊन गेला होता. घासत राहिला. पाठ लालबुंद झाली. त्यानंतर तीन वर्षांत, परवाचा झियो सोडला तर, माझ्या पाठीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. हे आपलं वस्तुस्थिती म्हणून लिहिलं.

माणसाने स्वावलंबी असावं. पुलावाचा लांब दांड्याचा झारा घेतला, त्याला कीसा बांधला आणि न्हाणीत बसलो. कल्पना उत्तम. झारा मात्र मानेमागून गेला तो सदऱ्यात अडकला (थंडी म्हणून सदरा काढला नव्हता). तेवढ्यात सून दिलोरोम घरभर झारा शोधू लागली, चुलीवर भात करपत होता. शेवटी तिनेच तो माझ्या पाठीतून उपसून काढला. म्हणाली, "बाबा, सत्तोरकाकांकडे जाऊन या ना. झाऱ्यापेक्षा बरं." मी म्हटलं, मी प्रयोग करत होतो. तिने झारा तीनदा धुतला. माझ्यासमोर.

करपलेला भात मुकाट्याने खाल्ला. आमच्या घरात भात थांबत नाही.

२१ जानेवारी, शनिवार.

दुसरी बैठक. आज मालिशीला काव्याची जोड दिली. कान तृप्त तर मन तृप्त, हे डॉक्टरीणबाईंना सुचलेलं दिसत नाही. पालथा पडून बुलबुलाची कविता सुरू केली. घुमटात आवाज काय लागतो! पण दर कडव्याला झियोची थाप पडे: कूस बदला. पाच कडव्यांत पाच वेळा. एवढं उलटवतात ते तव्यावरच्या मासोळीला. त्याला कविता सगळ्या बाजूंनी ऐकायची असावी.

नंतर गार खोलीत चहा. झियोने पेला काठोकाठ भरून दिला. आता, पाहुण्याला चहा घोटभरच ओतायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतायचा मान मिळतो, आणि काठोकाठ पेला म्हणजे 'चला, उठा', हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण दिवसभर मालिश करून त्याच्या मनगटाचा तोल गेला असेल. दुसरा पेलाही काठोकाठ. तिसरा बशीत सांडला. बिचाऱ्याने विश्रांती घ्यायला हवी.

मनःशांती: ८. झोप: तीन तास. स्वप्नात झारा.

२६ जानेवारी, गुरुवार.

आजही तो आला नाही. मी हमामकडे गेलो, पण सहज. साबण संपला होता. साबण बाजारात मिळतो हे खरं, पण रस्ता तिकडूनच जातो. म्हणजे फार वळसा नाही.

दारातूनच डोकावलो. वाफेत आमचे दोन दगड. एकावर सत्तोर पालथा. (नाव आलं. असू दे.) आणि त्याच्या पाठीवर कीसा चालवत होता हालिम कसाई! तोच, ज्याला सातवीत मी दोनदा नापास केला, ज्याला आयुष्यात एक कडवं पाठ झालं नाही. बैल सोलावा तसा घासत होता. आणि सत्तोर निवांत. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. हसत असणार. माझ्यावरच.

चाळीस वर्षांची पाठ माणूस दोन आठवड्यांत कसायाला देतो.

मला काहीही वाटलं नाही. उलट बरंच झालं. घरी येताना साबण राहिला. टोपीही तिथेच राहिली.

मनःशांती: आज बैठक नव्हती, तेव्हा गुण देता येत नाहीत. नियम म्हणजे नियम.

२८ जानेवारी, शनिवार.

आज झियो आपण होऊन बोलला. मी त्याला नीट समजावून सांगत होतो की भरल्या मांडवात, फार तर दहा मिनिटांच्या कवितेला, एका नानबाईने, ज्याने जन्मभर रोट्या भाजल्या, असं तोडावं का? झियोचे हात थांबले.

"मास्तर, दहा नाही. चाळीस."

म्हटलं, तुला काय माहीत? म्हणाला, "मी बाहेर गल्लीत होतो ना. दुसऱ्या पंगतीत. पहाटेचा पुलाव म्हणजे खायचं, हात पुसायचे, मागच्याला जागा द्यायची आणि कामावर पळायचं. आत दोनशे बसलेले, बाहेर दोनशे उभे. बर्फ पडत होतं. कविता भिंतीबाहेर ऐकू येत होती. चांगली होती, खोटं का बोलू. पण माझ्या पुढे एक म्हातारा होता, तो म्हणाला, हा बुलबुल उडतोय कधी?"

झियो म्हणाला, सत्तोरकाका तीनदा बाहेर येऊन हात जोडून गेले. लोकांना म्हणाले, मित्र आहे माझा, बोलू द्या त्याला, बायको गेल्यापासून इतका बोललाच नव्हता. चौथ्यांदा आचारी बाहेर आला, भाताचा लगदा झाला म्हणत. तेव्हा मग काकांनी हाक मारली.

एवढं सांगून त्याने तळवा माझ्या डाव्या खांद्याखाली नुसता ठेवला. चोळलं नाही, दाबलं नाही. नुसता ठेवून उभा राहिला. मला ते कडवं आठवलं, जिथे मला तोडलं होतं:

बुलबुल गेला, फांदी अजुनी हलते वाऱ्यावाचून,
हात कुणाचा पडता तिजवर थांबेल ती आतून.

पहिली ओळ मांडवात म्हणून झाली होती. दुसरी घशातच राहिली. शाळेतही सत्तोर नेमका इथेच अडायचा. पहिली ओळ म्हणायचा आणि खांबासारखा उभा. मग मी मागच्या बाकावरून त्याच्या पाठीत थाप मारून पुढची ओळ कुजबुजायचो.

डोळ्यांतून फार पाणी आलं. कडक आलं.

(आज आलं लावलंच नव्हतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. वाफ असेल.)

मनःशांती: ~~७~~ ~~४~~ पेपर तपासणं बाकी.

३१ जानेवारी, मंगळवार. सकाळ.

निर्णय: मीच मोठा, तेव्हा मीच मोठेपणा दाखवणार. बैठक रद्द केली आणि क्षमेवर एक छोटंसं काव्य लिहायला घेतलं. 'क्षमा मागणं' हा विषय नाही, 'क्षमा' ही संकल्पना. आतापर्यंत अठ्ठावीस कडवी झाली. सतराव्या कडव्यापर्यंत चूक कुणाची ते ठरत नाही, त्यामुळे उत्कंठा टिकते.

दुपार. दिलोरोमला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. नवव्या कडव्याला म्हणाली, "बाबा, दोन शब्दांचं काम आहे हो." म्हटलं, कोणते दोन शब्द? म्हणाली, माझं चुकलं.

तिला वृत्ताची जाण नाही. या दोन शब्दांनी कुठलीच ओळ पुरी होत नाही. मी मोजून पाहिलं.

संध्याकाळ. आरशासमोर ते दोन शब्द म्हणून पाहिले. पहिला येतो.

२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ.

अंतिम निर्णय. पुनर्विचार नाही.

दहापैकी तीनच बैठका झाल्या, पण मालिशीने मनाचं जे भलं व्हायचं ते माझ्या बाबतीत लवकर झालेलं आहे. काही विद्यार्थी हुशार असतात. यापुढे हमाम बंद. कुणाकडे जाणं नाही, कुणाची वाट बघणं नाही. सत्तोरला कसाई लखलाभ. एकटा माणूस अतिशय समाधानी राहू शकतो. पाठ सोडली तर बाकी सगळीकडे हात पोचतो.

कीसा मांडीवर आहे तो उन्हात वाळवायला म्हणून. ऊन आज नाही. कोट घातलाय, कारण खोली गार आहे. बूट पण त्याच कारणाने.

क्षमेचं काव्य चुलीत टाकलं. दिलोरोम म्हणाली, छान पेटलं.

दारावर थाप पडली. बोटांनी वाजवलेलं नाही. सपाट तळव्याची एकच थाप, फट्! मी बसल्या जागी अर्धा वळलो, सवयीने. आला! धाकटा अखेर आला! पहिला शब्द जिभेवर आणून कडी काढली.

दारात हालिम कसाई. केस ओले, डोक्याला पंचा, अंगातून वाफा निघताहेत, हातात माझी टोपी. आदल्या गुरुवारी राहिलेली.

म्हणाला, "मास्तर, मला सोडवा. तीन गुरुवार झाले. म्हणे हात जड आहे, म्हणे खालून वर घासतोस, मास्तर वरून खाली घासायचे. ते एक वेळ चालेल. पण पालथे पडले की त्यांचा तो बुलबुल सुरू होतो. बुलबुल गेला, फांदी हलते, आणि तिथे गाडी बंद! पुढे काय रे हालिम? मला विचारतात! मला! पहिल्या गुरुवारी वाटलं आठवेल. आज तर उठायलाच तयार नाहीत. पुढची ओळ आल्याशिवाय कूस बदलणार नाही म्हणतात. झियोने तीन थापा मारल्या. मागे लोक खोळंबलेत."

मी म्हटलं, मी हमाम सोडलंय, हालिम. अंतिम निर्णय आहे. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, मांडीवरून खाली पडलेल्या कीशाकडे पाहिलं, आणि तो उचलून माझ्या हातात घातला. उजव्या हाताचा बरोबर उजव्यात. कसाई आहे, पण हात हलका आहे.

हे उभ्याउभ्या लिहितोय, एका हातात कीसा आहे म्हणून अक्षर असं. दुसरी ओळ निदान हालिमला तरी ऐकवावी म्हणून घसा साफ केला, तर तो दोन पावलं मागे सरला.

"मला नका सांगू, मास्तर. मला पाठ व्हायची नाही. तुम्हीच चला."