‘वरी’ म्हणजे नेमकं काय करणं

शुक्रवार, १२ ऑगस्ट १९९४, बेंगळूर

आमच्या लेकीच्या, सुधाच्या नोकरीचा आज पहिला दिवस, तोही पार बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात. निघताना म्हणाली, "अण्णा, उगाच वरी करू नका." सहाला यायची ती, सात वाजले तरी पत्ता नाही. शेवटी इंग्रजी शब्दकोश काढला. काय करायचं नाही ते तरी नीट कळावं!

तर ‘वरी’ म्हणजे मुळात गळा आवळणं. मग कुत्र्यानं मेंढीचं नरडं धरून हिसडे देणं. काळजी हा अर्थ फार उशिरा आला. आता यात मी कुत्रा की मेंढी? बायकोला विचारलं, तर म्हणाली, "अहो, फाटकाशी जाऊन उभे राहा, नाहीतर स्वल्प कांदे चिरा."

फाटकाशी गेलो. साडेसातला सुधा आली. वाटेत बस बिघडली होती म्हणे. पण तिचं पुरतं ऐकतोय कोण? जेवलीस का, साहेब कसा आहे, बसायला जागा मिळाली का, उद्याही असाच उशीर का, सगळं एका दमात विचारलं.

"अण्णा, मला श्वास तर घेऊ द्या!"

तेव्हा कळलं, मी अजून फाटकच उघडलं नव्हतं.