भिंतीपलीकडची पाळी

४ फेब्रुवारी

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी शाळेच्या गणवेशाच्या चुण्यांना इस्त्री करायचो. इस्त्री लावली की खोलीतला दिवा पिवळा पडायचा आणि बाबांच्या रेडिओचा आवाज दबायचा. ताई मुद्दाम इस्त्री चालू-बंद करायची. बाबा बाहेरून ओरडायचे आणि आम्ही उशीत तोंड खुपसून हसायचो.

आज तिच्याकडे कायमची राहायला आले, तेव्हा दारातच ही आठवण काढली. ती म्हणाली, बाई गं, हसवू नकोस, हसायला श्वास लागतो. नाकात नळी आली तरी जीभ तशीच आहे.

तिचा पलंग भिंतीला लागून, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. ते विजेवर चालतं, मंद घरघर करत. वीज गेलीच तर कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर. भाच्याने, म्हणजे तिच्या लेकाने, दूरच्या शहरातून फोन केला, मावशी, जमेल ना तुला? न जमायला काय झालं! खिडकीत ऊन येतं, माझी पुस्तकं कपाटात मावली. आज कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला 'ए वेडे' अशी हाक मारली.

७ फेब्रुवारी

इथे व्होल्टेज फार खाली-वर होतं. मशीनखाली स्टॅबिलायझरची पेटी आहे. तिच्यावरचा व्होल्टेजचा काटा थरथरला की ती आतून टक करते. ताई तिला 'आमचे हे' म्हणते. कुरकुरतात, पण सोडून जात नाहीत, वर असंही म्हणते. इन्व्हर्टर मात्र गेल्या महिन्यात याच चढउतारांनी जळाला.

दुपारी दिवा उतरला. मशीनची घरघर जड झाली, ताईचे ओठ निळसर दिसले. मी मनातल्या मनात शाळेतली प्रार्थना म्हणत राहिले. थोड्या वेळाने सगळं पूर्ववत झालं. ताईला त्याचं काहीच वाटलं नाही.

९ फेब्रुवारी

वायरमन येऊन गेला. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतला एक स्क्रू सैल होता म्हणे. तो आवळला आणि म्हणाला, आता दिवा उतरला तर मिशी उतरवीन. मी विचारलं, शेजारच्या घराचा भार आमच्यावर येतो का? तो हसला. ते घर वर्षभर बंद आहे, मीटरही काढून नेलंय. भिंतीपलीकडे वीजच नाही.

तो जिना उतरत होता तोच दिवा पिवळा पडला.

१० फेब्रुवारी

ताईला शेजारचं विचारलं. तिथे टायपिंगच्या बाई राहायच्या. मुलींना टायपिंग शिकवायच्या, म्हणून ते नाव. त्यांनाही असंच मशीन होतं. व्होल्टेज कमी असलं की दोन्ही मशीनं एकदम चालत नसत. मग या दोघींनी पाळ्या लावल्या. एकीने भिंतीवर थाप मारायची, दुसरीने आपलं मशीन बंद करून गप पडून राहायचं. पहिलीला पुरेसा श्वास मिळाला की ती पुन्हा थाप मारणार. झोपाळ्यावर मुली पाळ्या लावतात तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताईच्या लेकाला हे दोघींनीही कळू दिलं नव्हतं.

बाई गेल्या त्या दवाखान्यात, कुणाचाच दोष नव्हता. ताई म्हणाली, गेली ती, पण सवय कुठे जाते?

मला वाटलं, थट्टा करतेय.

१२ फेब्रुवारी

भर दुपारी आमचा दिवा उतरला. मी जिन्यात गेले. शेजारच्या बंद दारावरची काच धुळीने माखलेली आहे. तिच्यामागे दिवा लागला होता. लख्ख.

आत मशीनची घरघर.

१३ फेब्रुवारी

भिंतीवर थाप ऐकली. धावत आले, तर ताईचा हात बटणावर. मशीन तिनेच बंद केलं होतं. ओठ निळे, चेहरा शांत. मी बटण दाबलं, तिला हलवलं, रागावले, रडले. ती म्हणाली, वेडे, तिची पाळी आहे. तिला काय नाही म्हणू?

बटणावर चिकटपट्टी लावलीय. भाच्याला फोन केला, आईला घेऊन जा, ताबडतोब. तो निघतोय. पोचायला परवा उजाडेल.

१४ फेब्रुवारी

आता पलीकडची ती थाप मारून विचारत नाही. नुसतं ओढते.

काटा सतत तळाला. स्टॅबिलायझर टक टक टक — मग गप्प. जळका वास. ताईला सिलिंडर लावला. रुग्णवाहिका बोलावलीय, ते म्हणतात निघालोय. किती वेळा तेच.

पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्ये आणला. ताई भिंतीकडेच बघतेय.

दुपार

पाणी आणायला आत गेले तेवढ्यात दिवा लख्ख झाला. मशीन सुरू, स्टॅबिलायझर जळलेला असताना — इतकं छान कधी चाललं नव्हतं.

सिलिंडरची नळी उशीवर. पलंग रिकामा.

तिला आधाराशिवाय उभंही राहता येत नाही. दाराची कडी आतून लागलेलीच.

भिंतीवर थापा. दोघींच्या. एकीच्या हातात बांगड्या — ताईच्या.

नंतर

शेजारची किल्ली ताईच्या खणात सापडली. सिलिंडर घेऊन जातेय. ती तिथे नळीशिवाय आहे. एवढंच खरं, बाकीचा विचार करायचा नाही.

बाळा, उद्या तू पोचलास आणि मी परत आले नाही तर —

माझे कानातले तुझ्या बायकोला. तिला आवडले होते, मी कळून न कळल्यासारखं केलं. पुस्तकं शाळेला. तुझ्या आईची शाल तू ठेव, धुवू नकोस, तिचा वास जाईल. शिलाईमशीन खालच्या मजल्यावरच्यांच्या सूनबाईला. ऑक्सिजनचं मशीन कुणालाही देऊ नकोस. कितीही गरजू असला तरी. फोडून टाक, नाहीतर या दोघी त्याच्याही घरी —

दिवा उतरतोय. आता का? ताई तर तिकडे आहे. इथे फक्त मी. मी कुठल्याच मशीनवर नाही, माझ्याकडून काय घेणार —

दम लागतोय. बसल्या जागी.

नखं निळी

घड्याळ तुझ्या मुलीला, तिला सांग मावशीआजीने — आणि तू आत येऊ नकोस, जिन्यातूनच परत — थाप ऐकलीस तर