बेहड्याच्या ढोलीतून

आबा, तुम्ही मला अर्धंच शिकवलंत आणि ते अर्धं आता माझ्या गळ्यात आलंय. ढोलीच्या झाडावर उलट्या कुऱ्हाडीनं दोनदा ठोकायचं, थांबायचं, आणखी एकदा ठोकायचं. घुबड, पोपट, घोरपड, काही बाहेर आलं तर झाड सोडायचं. नाही आलं तर तोडायचं. मी सरपण गोळा करत तुमच्यामागं असायची. एकदा घुबड निघालं तेव्हा मुकादम ओरडत राहिला आणि तुम्ही कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढच्या झाडाकडं निघालात. पण आतून कोणी उलटं ठोकलं तर काय करायचं, हे सांगायला तोंड दुखत होतं का?

अकोले तालुक्याच्या डोंगरातलं आपलं जंगल आता नेमानं तोडतात. दरसाल एकच पट्टा, आणि मागोमाग सागाची रोपं, दोरी लावून सरळ ओळीत. खोटं कशाला बोलू, कोवळ्या झाडोऱ्यात भेकरं वाढलीत. पण मोठ्या सागात शिरलं की माझ्याच पायांचा आवाज, बाकी काही नाही. ढोलीची झाडं जागा अडवतात म्हणून आधी काढतात. ओढ्यावरचा म्हातारा बेहडा तेवढा उरला होता, त्याच्यावरही आता खूण झालीय. मी गार्डाला म्हटलं, "सायेब, यात पाखरं ऱ्हात्यात."

"मावशी, एक तोडतो अन् धा लावतो. त्यातबी ढोल्या हुतील की."

"कवा?"

"शंभरेक वर्सांनी."

"तवर काय तुमच्या क्वार्टरात ऱ्हातील?"

तो हसला. बेहडा तोडायला माझ्याच पोराच्या वाट्याला दिलाय. नाही म्हटलं तर त्याला तोडीच्या टोळीतून काढतील.

काल भर दुपारी मी एकटी गेले. घाईत एकदाच ठोकलं. काही बाहेर आलं नाही. खोडाला कान लावते, तर आतून ठोकतंय. दोनदा. मग थांबून आणखी एकदा. सुतारपक्षी असेल म्हणून झाडाभोवती फिरले, कुठं काही नाही. पोरगा तुम्ही वारल्यावर जन्मला. त्याला ही रीत मी कधी सांगितलेली नाही.

खरं सांगते, मी भ्याले नाही. बरं वाटलं, ऊन उतरेपर्यंत कान लावून बसले. आता त्याचंच भ्या वाटतंय. हा कागद पोस्टात पडायचा नाही, ठाऊक आहे मला. पण मंगळवारी सकाळी पोरगा कुऱ्हाड घेऊन निघणार. आत तुम्ही असाल तर सोमवारी दिवस मावळायच्या आत तसं कळवा. मी झाडापुढं उभी राहीन, टोळी गेली तर जाऊ दे. नसाल, तर आत कोण आहे ते सांगा.