आडनावाचा रकाना

निमोणे, मंगळवार, रात्र

चूक माझी, आणि चिडतोय मात्र फॉर्मवर. आडनावाचा रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे का?

दौंडच्या समुपदेशक ताई दर मंगळवारी ग्रामपंचायतीत बसून लोकांच्या मनातलं ऐकतात. मी दाराशी येणाऱ्यांचे फॉर्म भरतो. आमच्या बौद्ध वस्तीतून कोणीच येत नव्हतं. शेजारची सुमनमावशी, मुलगा वारल्यापासून तिला झोप नाही, तीन आठवडे विनवल्यावर आज आली. आणि मी काय विचारावं? "पूर्ण नाव सांगा, आडनावासकट."

रांगेत सगळ्या वरच्या आळीच्या बायका. मावशी हळूच म्हणाली, "नुसतं सुमन लिही." मी म्हणालो, "रकाना मोकळा चालत नाही."

मागून एक बोलली, "सांग की बाई, आमाला काय ठावं न्हाई व्हय!" दोघीतिघी हसल्या. मावशीने चपला घातल्या आणि निघून गेली.

ताईंनी अर्धवट फॉर्म बघितला. "नाव मला हाक मारायला लागतं. आडनाव कशाला?"

"वरच्या ऑफिसातून तसाच आलाय, ताई."

"मग वरच्यांचीच झोप तपासू आपण!"

संध्याकाळी माफी मागायला मावशीकडे गेलो. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"माझं आडनाव तुला पाठ हाय. मग इचारलंस कुणाला ऐकवायला?"

पुढच्या मंगळवारी ये, असं आता कुठल्या तोंडाने म्हणणार? तसाच परत आलो.