रेषेबाहेरचा गडी

शनि. ५ जाने. १९७४, हसनाबाद
गुरुजींनी आजपासून शाळेच्या मैदानात खेळ सुरू केले. दर शनिवारी, ऊन उतरल्यावर. लढाईवरून आलेले फौजी, त्यांची बायकापोरं, गावातलं कुणीही. बायांना सागरगोटे, पुरुषांना हुतुतू. मी ह्यांना ओढूनच नेलं. परत येऊन दोन वर्षं झाली, 'हं' आणि 'न्हाई' यापुढे शब्द नाही. सुमन सहा वर्षांची, बापाला घाबरते. हे नुसते कडेला उभे होते. उभे तर होते!

शनि. १२
हे खेळले! समोरचा गडी धरून आडवा केला. सुमनने टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांदेखत रडले. म्हणोत लोक काय म्हणायचं ते.

बुध. १६
माहेरून, पिंपळगावहून दादा आला. त्याच्यासमोरच ह्यांनी जेवतं ताट भिंतीवर फेकलं. का, ते त्यांनाच ठाऊक. दादा म्हणाला, "शांते, माणूस हातचा गेला. तू अन् पोरगी चला माह्यासंगं." मी दोन शनिवार मागितले. एक मिळाला. रविवारी सकाळी न्यायला येणार. मी नाही म्हणू शकत नाही, हो म्हणवत नाही.

शनि. १९
शेजारच्या काकूंकडे बसून लिहितेय. वही पिशवीतच होती.
आज खेळात हे बाद झाले. पोरं ओरडली, "मेला, मेला! फौजी मेला!" हुतुतूत दुसरं काय ओरडतात? हे रेषेबाहेर जाऊन बसले. आपल्या बाजूने पलीकडचा एक मारला की मेलेला गडी जिवंत होऊन आत येतो. पण त्याआधीच डाव संपला. लोक धूळ झटकत घरी गेले. हे बसलेलेच.
"चला ना."
"मला कुणी जिवंत न्हाई केलं."
पाच शब्द! हसू का ऊर बडवू?
गुरुजी म्हणाले, "उठा, झालात जिवंत."
"असं न्हाई. गडी मारावा लागतो."
गुरुजी पोरांना परत बोलवायला धावले. मला कुठला धीर. अक्कल चरायला गेली होती माझी. पदर खोचला, सुमनला पलीकडे उभं केलं, दम धरून गेले, तिला शिवले, मागे आले. आणि मीच म्हणाले, "मेली."
हे किंचाळले, "तिला न्हाई!" उठले, पोरीला छातीशी धरलं आणि घराकडे पळत सुटले. मी पोचेपर्यंत आतून कडी.

रवि. २०, सकाळ
कडी अजून तशीच. आत हे बोलतायत. दोन वर्षांत बोलले नाहीत एवढं. दाराला कान लावून ऐकलं.
"भिऊ नको. बाहेर जायचं न्हाई बिलकुल. बाहेर मारतेत."
"आई कुठं हाय?"
"आई पलीकडल्या बाजूची हाय."
सुमन रडली नाही. मग हळूच म्हणाली, "मंग तिला आत नका घेऊ."
दादा आलाय. गावातले दोघं पहार घेऊन उभे आहेत. दादा विचारतोय, "शांते, मोडू का दार?" तिसऱ्यांदा विचारलं. मी दाराला पाठ लावून लिहीत बसलेय.