चढावरच्या बाकाशी बंद पडणारी फटफटी

माझ्या धाकट्या आणि हट्टी भावाला,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुला पेलतील तेवढे घे, उरलेले भावजयीला दे. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे गुडघे सोडून मी ठीक आहे, कान सोडून हे ठीक आहेत, आणि आम्हा दोघांना सोडून बाकी घर ठीक आहे. तुझी कंबर कशी आहे? भावजय सांगत होती की तू वाकलास की सरळ करायला दुसरं माणूस लागतं. तेल लावत जा आणि लावल्यावर गप्प पडून राहत जा. यातलं दुसरं तुला जमणार नाही, पण सांगायचं काम माझं.

पत्रास कारण आहे, पण ते शेवटी येईल. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. लहानपणी मी गोष्ट सांगायला लागले की तू शेवट आधी विचारून घ्यायचास आणि झोपून जायचास. फोन का केला नाही, असं विचारशील. फोन बाहेरच्या खोलीत, त्याच्या शेजारी हे बसलेले, आणि तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचं तर पोस्टमनलाही ऐकू जाईल. त्यापेक्षा पत्र बरं. लिहिते आहे सूनबाई. मी बोलते, ती लिहिते. माझं वाक्य लांब आणि तिचं पेन लवकर थांबलं, की हिनं काहीतरी गाळलं हे मला कळतं. (सूनबाई, हेही लिही. लिहिलंस? वाचून दाखव. बरं.) हे आत्ता न्हाव्याकडे गेलेत. डोक्यावर केस उरलेत बावीस, पण न्हावी बोलका आहे, म्हणून आपल्याला तासभर मिळेल.

तर फटफटी. तीच, काळी, जिच्यावर तू पहिल्यांदा ह्यांना चालवायला शिकवलंस आणि दोघं मिळून कुंपणात गेलात. तिला आता दम लागतो. नात म्हणते तिला दमा झालाय. घरातून निघताना अगदी तरण्यासारखी निघते, बाजारातून जाते, पुलावरून जाते, आणि पाण्याच्या टाकीकडचा चढ लागला की हळूहळू ओढ कमी होते. हे मूठ पिळतात, ती नुसतं गुरगुरते, दोन आचके देते, आणि वळणावरच्या बाकाशी जाऊन गप्प उभी राहते. ह्यांनी घड्याळ लावून पाहिलं. घरापासून अकरा मिनिटं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

मला कार्बोरेटरमधलं काय कळतं, असं तू म्हणशील. अरे, चाळीस वर्षं मी त्या गाडीच्या मागे बसले आहे. हे हवेचा स्क्रू फिरवायचे आणि मी मागून म्हणायचे, आता बास, आता ती नीट बोलतेय. अक्षर मला एक येत नाही, पण त्या इंजिनाचं बोलणं मी ह्यांच्यापेक्षा चांगलं वाचते. आणि आतलं सगळं तर मला तुम्हा दोघांच्या भांडणानं शिकवलं. त्या कार्बोरेटरच्या पोटात एक वाटी असते, वाटीत पेट्रोल, पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ तुकडा, आणि वरून खाली उतरणारी एक सुई. सुईच्या डोक्याशी पाच खाचा. कुठल्या खाचेत चिमटी बसवायची, त्यावर गाडीला पेट्रोल जास्त जाणार की कमी ते ठरतं. आमच्या घरात कोणी कोणाशी बोलायचं, तेही त्यावरच ठरतं.

चिमटी तिसऱ्या खाचेत असावी हे ह्यांचं मत, दुसरीत असावी हे तुझं. मतं कोणाला नसतात? पण माझ्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी, पाहुणे आंघोळीला रांग लावून उभे असताना, तू गुपचूप ती सुई काढून दुसऱ्या खाचेत बसवलीस, ह्यांना न विचारता. का, तर म्हणे धूर फार मारते. ह्यांना ते अक्षता पडायच्या आधी कळलं. (हे गुडघ्यावर बसून सुई परत तिसऱ्या खाचेत बसवत होते, म्हणून नवऱ्यामुलाच्या बापाचे दोन्ही हात सगळ्या फोटोंत काळे आहेत. सूनबाईच्या लग्नाचे फोटो ते. ती लिहिताना हसतेय, पण तेव्हा हसली नव्हती.) तू न जेवता गेलास. त्याला नऊ वर्षं झाली. जमिनीवरून भावकी तुटलेली मी पाहिली आहे, दागिन्यांवरूनही पाहिली आहे. एका खाचेवरून तुटलेली आपली एकटीच.

आता दुखण्याचं सांगते. ह्यांनी प्लग काढला. कधी काळा निघतो, कधी पांढरा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, आणि ही बया घराजवळ अजीर्णानं धूर ओकायची अन् चढावर उपाशी मरायची. ह्यांनी वाटी धुतली, जेटची बारीक भोकं फुंकली, हवेची गाळणी साबणाच्या पाण्यात भिजवली, तीही माझ्या भाजीच्या पातेल्यात. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याला सगळे ‘उद्या’ म्हणतात, कारण कधीही जा, तो तेवढंच म्हणतो. उद्यानं गाडी चार दिवस ठेवली, जागेवर उभी ठेवून रेस केली, म्हणाला, आजोबा, गाडीला काही झालेलं नाही, तुमचं वय झालं. हे दोन दिवस जेवले नीट, पण बोलले नाहीत. ह्यांच्या बाबतीत हा फरक ओळखायला बायको लागते.

आणि आता बाकाचं. हे सांगायला मला जरा वेळ लागेल, सूनबाई, तू पाणी पिऊन घे.

तो बाक तू पाहिला नाहीस. चढ संपायच्या आधी रस्ता जिथे वळतो तिथे आहे, एक फळी तुटलेली. खाली सगळं गाव दिसतं, गच्च्या, गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे, एखादी कोणी केस वाळवत बसलेली. संध्याकाळचं ऊन तिथे निजायला आल्यासारखं येतं. गाडी बंद पडली की आधी फार शांत होतं. मग तापलेलं इंजिन गार व्हायला लागतं आणि आतून टिक, टिक असा आवाज येतो, थांबून थांबून, जसं कोणी झोपेत बोटं मोजतंय. मी डोळे मिटते. मला वाटतं आपण कुठे निघालोच नव्हतो, गावच आपल्याला बघायला वर आलं होतं आणि आता हळूच खाली जातंय. कधी वाटतं की मी वीस वर्षांची आहे आणि मागे बसायची मला अजून सवय नाही. डोळे उघडले की शेजारी हे असतात, बावीस केसांचे. तरी बरं वाटतं.

हे काही न बोलणारे, तुला माहीत आहे. छापखान्यात जन्म गेला. शिशाचे खिळे, एकेकावर एकेक अक्षर, दिवसभर ते जुळवायचे. लोकांचं बोलणं जुळवून जुळवून ह्यांच्याकडे स्वतःचं काही उरायचंच नाही. घरी येऊन जेवायला वाढ आणि दिवा मालव, एवढं बोलले की महिना संपायचा. तर त्या बाकावर, पहिल्या आठवड्यातच, इंजिन टिकटिकत होतं आणि हे खाली बघत म्हणाले, “आपलं लग्न ठरलं तेव्हा मी तुझं नाव खिळ्यांत जुळवलं होतं. दोऱ्यानं बांधून आठवडाभर खिशात घेऊन फिरलो.”

मी म्हटलं, “मग?”

“मग खिसा फाटला.”

एवढंच. मी हसले, तेही हसले. मी म्हटलं, मला दाखवायचं तरी. तर म्हणाले, खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. आता मला सुलटं वाचता येत नाही, त्यात उलट्यानं काय बिघडणार होतं? तेव्हा हे म्हणाले की दाखवलं असतं तर तू विचारलं असतंस, यातलं कुठलं अक्षर कुठलं, आणि मला तेव्हा तुझ्याशी बोलायची भीती वाटायची. अरे, मी चाळीस वर्षं समजत होते की ह्यांना माझ्याशी बोलायचा कंटाळा आहे. मग ह्यांनी उठून टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोल आहे का बघायला. झाकणानं हुश्श केलं. किक मारली, गाडी सुरू, आणि आम्ही परत आलो. रोज असंच. अकरा मिनिटं जायचं, तासभर बसायचं, हुश्श, आणि घर. रोज एक काहीतरी सांगतात. एका कवितेच्या पुस्तकात ह्यांनी एक शब्द मुद्दाम चुकवला होता, हेही मला तिथेच कळलं. कवीच्या लक्षात आलं नाही म्हणे.

पण सुख दिसलं की आमच्या चिरंजिवांना काळजी वाटते. कोणीतरी त्याला सांगितलं की तुझे आईबाप रोज चढावर अडकून पडलेले असतात, बिचारे. बिचारे. त्यानं जाहीर केलं की या वयात रस्त्यात बंद पडणारी गाडी नको. पेठेतल्या हॉटेलवाल्याला ती हवी आहे, चालवायला नव्हे, भिंतीवर टांगायला, भोवती दिव्यांची माळ सोडून. लोक तिच्याखाली बसून कॉफी पिणार. हे ऐकून ह्यांनी हात पुसायच्या फडक्याची चार वेळा घडी केली आणि चार वेळा उलगडली. शेवटी असं ठरलं की येता रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी चिरंजीव स्वतः मागून येणार. गाडी न थांबता थेट पाण्याच्या टाकीपर्यंत चढली तर राहिली, नाही तर सोमवारी भिंतीवर.

तर असं आहे. भावजयीला सांग लोणच्याची बरणी पोचली, झाकण अजून उघडत नाही. नातवंडांना गोड पापे. तुला शहाणपण आल्याबद्दल आशीर्वाद, अजून आलं नसलं तरी.

तुझी,
सही येत नसलेली बहीण
(अंगठा सूनबाईने शाई लावून उठवला आहे, तो पेट्रोलचा डाग समजू नकोस.)

ता. क. एक गोष्ट राहिली. फटफटी रात्री घरातच असते, माझ्या खोलीच्या दारापाशी, आणि पेट्रोलच्या वासानं माझं डोकं उठायचं. वास येतो कुठून म्हणून मी नाक लावून शोधलं, तर टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक. म्हटलं, चाळीस वर्षांत ह्यांना दिसलं नाही. मेणबत्तीचं मेण बोटांत मळलं (पेटवली नाही, तेवढी अक्कल आहे) आणि भोक बुजवून टाकलं. वास गेला. तीन दिवसांनी गाडीला दम लागायला लागला. त्यानंतर बाकावर ते पहिलं हुश्श ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेल बाहेर यायला आणि एक हवा आत जायला. एकच पाडलं तर तेल गुटगुट करतं आणि थांबतं. हे कोणत्याही बाईला कळतं, उद्याला कळलं नाही. मला सगळं कळलं होतं. मी बोलले नाही. खिसा फाटल्याचं ह्यांनी सांगितलं, त्याच दिवशीची गोष्ट ही.

ता. क. दुसरा. आता खरं कारण. तू त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी ये. कार्बोरेटर उघड, कपाळाला आठ्या घाल, सगळं पसर, आणि कोणाचं लक्ष नसताना झाकणातलं मेण टाचणीनं काढ. मग सुई तिसऱ्या खाचेत बसव आणि ह्यांना ऐकू जाईल असं म्हण की तिसरीच बरोबर होती, माझं चुकलं. तुझी जीभ झडणार नाही. रविवारी गाडी टाकीपर्यंत चढू दे, चिरंजिवांचं समाधान होऊ दे. आणि सोमवारी जायच्या आधी मेण परत लाव. मीच लावलं असतं, पण आता बोटं थरथरतात आणि हे गाडीपाशीच असतात. जेवून जा.

ता. क. तिसरा, माझा, म्हणजे सूनबाईचा. मामा, सा. न. आई पाणी बघायला उठल्यात, तेवढ्यात लिहिते. बाबांना मेणाचं गाडी उद्याकडून परत आली त्याच आठवड्यात कळलं होतं. पुढे टाकी उन्हात तापून ते वितळलं, तेव्हा ते स्वयंपाकघरात मेणबत्ती मागायला आले आणि मला म्हणाले, “तिच्या कानावर घालू नकोस. कळलं तर ती भोक मोकळं करायला लावेल.” रविवारसाठी त्यांनी सदऱ्याच्या कॉलरला आतून टाचणी लावून ठेवली आहे, आणि सोमवारसाठी हत्यारांच्या पिशवीत मेणबत्तीचा तुकडा. शिवाय सुई त्यांनी मागच्या आठवड्यात दुसऱ्या खाचेत बसवली. घराजवळचा धूर तेव्हापासून बंद आहे. हे मात्र मामाला कळता कामा नये, असं त्यांनी मला बजावलंय, म्हणून कळवते.

तेव्हा तुम्ही यायची तशी काही गरज नाही. पण शनिवारी नक्की या.

बाहेर हॉर्न वाजला. आई म्हणाल्या, पाकीट डकवून टाक, आणि पदर खोचत निघाल्या. अकरा मिनिटांनी गाडी बंद पडेल.